तीन नंबरच्या उघाडीची हाक

खुनाची गोष्ट सांगतो म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. माझ्या मावशीने तर मेथी निवडायची थांबवली होती. म्हणून आधीच सांगून टाकतो. यात पाठलाग नाही, रक्ताने माखलेला रुमाल नाही, आणि खुनी कोण ते मला आजही माहीत नाही. शेवटचं पान आधी उघडून बघणाऱ्यांनी खुशाल बघावं, तिथेही मिळणार नाही. खून झाला तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता. माझा त्यातला वाटा एवढाच की मी एकदा एक हाक मारली, ती पण भर दुपारी, पूजेच्या मांडवामागे उभं राहून. तिच्यावरून मला जे ऐकून घ्यावं लागलं ते सांगायचंय.

हाक मारणं, आवाज काढणं हा माझा जुना रोग. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात वर्गाला सुट्टी दिली होती आणि तीन वर्गांनी दप्तरं आवरली होती. मार खाल्ला, पण नाव झालं. कॉलेज संपवून मीरा रोडला शांती नगरमध्ये मावशीकडे आलो तेव्हा सोसायटीच्या गणपतीत माझा अर्ध्या तासाचा आयटम ठरलेला असायचा. वॉचमन, सेक्रेटरी, लिफ्टमध्ये फोनवर भांडणारी तिसऱ्या माळ्यावरची भाभी, सगळे. भाभी समोर बसून हसायची, तिला वाटायचं चौथ्या माळ्यावरचीची नक्कल करतोय.

पोटापाण्याला भाईंदर पश्चिमेला एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात बसायचो. अर्ज, भाडेकरार, लग्नाचे बायोडेटे. शेठ गुजराती, माझ्याशी हिंदीत बोलायचे. दिवसातून चारदा ठरलेलं वाक्य यायचं, "टाइप कर, ड्रामा मत कर." कारण मी टाइप करताना मजकूर मोठ्याने वाचायचो, आणि वाचायचो तो ज्याचा मजकूर त्याच्या आवाजात. भाडेकरारात घरमालक गुरगुरायचा, भाडेकरू नाकात बोलायचा.

एका सोमवारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, जवळच्या मुर्धा गावच्या, शाळेत मदतनीस म्हणून नोकरी. त्यांना मी ताई म्हणायला लागलो, इथेही तेच म्हणतो. त्यांच्याकडे दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. जुन्या टाइपरायटरवरचे, घडीवर फाटलेले, काही अक्षरं उडालेली. त्या म्हणाल्या, हे सगळं मोठ्या अक्षरात काढून दे, म्हाताऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे. शनिवारच्या आत पाहिजे. आणि कागद सोडून जाणार नाहीत, इथेच बसतील.

त्या स्टुलावर बसल्या. मी टायपायला लागलो. पहिल्या ओळीलाच कळलं की हा खुनाचा खटला आहे, त्यात साक्षीदाराची साक्ष आणि उलटतपासणी. मग काय विचारता. मला एका दमात तीन माणसं मिळाली. सरकारी वकील मी खर्जात घेतला. जज्जला सर्दी दिली. साक्षीदार ठरवला तोतरा आणि घाबरट, टाळ्या त्यालाच मिळतात.

"हाक कोणाची होती?"

"आ-आ-आरोपीची."

"खात्री आहे?"

"हो-होय साहेब. रोजची हाक आहे."

शेठ गल्ल्यावर हसायला लागले. झेरॉक्सला थांबलेली दोन पोरं हसली. मी पुढचं पान घेतलं.

"साक्षीदार असा बोलत न्हाय," ताई स्टुलावरून म्हणाल्या. रागाने नाही, भाजीवालीला भाव चुकला असं सांगावं तसं. "तो हळू बोलतो. पण अडखळत न्हाय."

मी विचारलं, तुम्ही ओळखता का त्याला? त्या म्हणाल्या, आमच्या घरापासून चौथं घर. मी हसत हसत विचारलं, मग आरोपीलाही ओळखत असाल.

"आरोपी माझा बाप हाय," त्या म्हणाल्या.

बाकीचं मी तोंड मिटून टाइप केलं. शेठनी दोनदा मान वळवून बघितलं, मशीन बंद पडली की काय म्हणून.

चार दिवस त्या येत होत्या, आणि कागदातून थोडं, त्यांच्या तोंडून थोडं, असं सगळं मला कळत गेलं. चाळीसेक वर्षांपूर्वी मुर्ध्याच्या बाजूला मीठागरं जोरात होती. खाडीच्या बांधाला ठराविक अंतरावर लाकडी दारं असायची, भरतीचं पाणी आत घ्यायला. त्याला उघाडी म्हणतात. तीन नंबरची उघाडी ताईंच्या वडिलांकडे होती. थंडीतल्या एका सकाळी धुकं पडलेलं असताना मीठागराचा मुकादम त्या तीन नंबरच्या उघाडीपाशी मेलेला सापडला. डोक्यात फावड्याचा घाव. फावडं उघाडीवरचंच. आदल्या दिवशी मुकादमाचं आणि ताईंच्या वडिलांचं भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, उघाडी उशिरा बंद केल्यावरून. पाहिलं कोणीच नव्हतं. पण त्यांचाच चुलतभाऊ दुसऱ्या टोकाला काम करत होता. त्याने साक्ष दिली की त्या सकाळी तीन नंबरवरून हाक ऐकली, आणि हाक आरोपीची होती. आरोपी म्हणत होता मी तापाने घरी पडून होतो. घरी आहे हे सांगायला फक्त बायको, आणि बायकोचं कोण ऐकतं. जन्मठेप झाली. चौदा वर्षं काढून आले तेव्हा ताई लग्नाच्या होत्या.

तेव्हापासून ते दोघे भाऊ एका आळीत, मध्ये तीन घरं, आणि एक शब्द नाही. नळावर एक आला की दुसरा बादली घेऊन परत जायचा.

आता घाई कसली, हे मी विचारलं. तर चुलतभावाचं घर बिल्डरला दिलेलं, पोराने विरारला फ्लॅट घेतलेला. रविवारी दुपारी घरी सत्यनारायण, गावजेवण, आणि जेवून झालं की सामान टेम्पोत घालून कायमचे विरारला. आजोबा, म्हणजे ताईंचे वडील, ऐंशीच्या पुढचे. दोघं परत एका ठिकाणी भेटतील असं काही दिसत नव्हतं. आजोबांना कोर्टाकडून काही नको होतं. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती. भावाने जायच्या आधी गावासमोर एकदा म्हणावं, की मी फक्त हाक ऐकली, माणूस पाहिला नाही. ताईंनी ठरवलं होतं की काकांना, म्हणजे त्या चुलतभावाला, त्यांचीच साक्ष मोठ्या अक्षरात वाचायला द्यायची. वाचून आठवेल, आठवलं की बोलतील. आजोबांना हे पण पसंत नव्हतं. ते म्हणत, कागद दाखवून बोलता करायचा असेल तर नको.

शुक्रवारी प्रिंट तयार झाली. मीच म्हटलं मी घेऊन येतो. खरं सांगायचं तर मला आरोपी बघायचा होता. खून केलेला, किंवा न केलेला, पण चौदा वर्षं आत राहिलेला माणूस मी पाहिला नव्हता. आवाज कसा असेल, जाड असेल, घोगरा असेल, असले विचार डोक्यात. रिक्षाने मुर्ध्याला उतरलो. एका बाजूला नवीन टॉवरचं काम, त्याला हिरवी जाळी, आणि दुसऱ्या बाजूला ओटीवर बसून जाळ्याची गाठ सोडवणारे आजोबा. बारीक, कानात भिकबाळीचं भोक तसंच राहिलेलं. आवाज अगदी साधा. पोस्टमन असतो तसा. मी थोडा नाराज झालो.

मी विचारलं, आजोबा, ती हाक कशी होती? ताई आतून म्हणाल्या, कशाला रे. पण आजोबांनी जाळं बाजूला ठेवलं आणि समजावून सांगितलं, आणि तिथे मला पहिल्यांदा सगळा घोळ कळला.

मीठागरात उन्हाची तिरीप असते, नाहीतर धुकं. लांबचा माणूस ओळखू येत नाही. म्हणून उघाडी उघडताना हाक मारायची, म्हणजे खालच्या पाटात उतरलेली माणसं बाहेर येतात. प्रत्येक उघाडीची हाक वेगळी, त्यावरून कोणत्या पाटाला पाणी येतंय ते कळायचं. जो माणूस उघाडी सांभाळतो त्याची हाक तीच त्या उघाडीची. आणि तो आजारी पडला, लग्नाला गेला, तर बदलीवरच्या माणसाने हाक मारायची ती त्याचीच. स्वतःची मारली तर भलत्याच पाटातली माणसं पळतील. बदलीला येणारे चार-पाच जण तरी आजोबांची हाक हुबेहूब मारायचे. खुद्द चुलतभाऊ मारायचा. त्या सकाळी बदलीला कोण होतं, ते मात्र कधीच कळलं नाही.

मी म्हटलं, मग हे कोर्टात का नाही सांगितलं?

"मना वाटला सगळ्यांना ठाऊक हाय," आजोबा म्हणाले.

मी चार दिवस ते कागद टाइप केले होते. आजोबांच्या वकिलाने विचारलं होतं, धुकं होतं का, कानाला कमी ऐकू येतं का, आरोपीशी वैर आहे का. ती हाक दुसरं कोणी मारतं का, हे विचारलंच नव्हतं. वकील ठाण्याचा, त्याने मीठ फक्त जेवणात पाहिलेलं. आणि साक्षीदाराला विचारलं हाक कोणाची, त्याने नाव सांगितलं. आळीतल्या कोणीही तेच सांगितलं असतं. पुढचं बोलायची गरज कोणाला वाटली नाही, कारण आळीत ते लहान पोरालाही माहीत होतं. जज्जला कोण सांगणार?

यावरून आजोबांनी खून केलाच नाही असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. भांडण झालं होतं, फावडं त्यांचंच होतं. मी त्यांना सरळ विचारलं पण. ते म्हणाले, मी तापात होतो, आणि परत जाळं हातात घेतलं. मला खरं वाटलं. पण मला बायोडेट्यातलं पण खरं वाटतं.

मग मी हट्ट केला, हाक शिकवा. दोन लांब सूर, एक तुटका, आणि शेवटचा घशात मागे ओढलेला. पाचव्या वेळेला जमली. सहाव्या वेळेला समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन आजोबांकडे बघायला लागली. आजोबा हसले. ताई म्हणाल्या, बाबांना हसताना बघून बरेच दिवस झाले. निघताना त्यांनी मला रविवारी प्रसादाला यायला सांगितलं.

शनिवारी काय झालं ते मला रविवारी मांडवात कळलं. ताई कागद घेऊन काकांकडे गेल्या होत्या. सुनेने दारातच घेतले, म्हणाली, त्यांना त्रास देऊ नका, पूजा होऊ द्या. कागद टीव्हीवर ठेवलेले ताईंनी पाहिले. काकांनी वाचले की नाही, माहीत नाही.

रविवारी मांडवात दीडशे तरी माणूस होतं. काका पुढे खुर्चीत, लोकांकडे तोंड करून, पांढरी टोपी, डोळ्यांवर जाड चष्मा. आजोबा अगदी समोर, पण शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. दोघांच्या मध्ये अख्खा गाव बसलेला. आजोबांच्या बाजूला एक खुर्ची रिकामी होती. मला वाटलं त्यांच्या बाजूला कोणी बसत नाही म्हणून. कथा संपत आली होती, आरती व्हायची होती. बाहेर टेम्पोत कपाट चढत होतं. मी घड्याळ बघितलं आणि मला वाटलं, गेला हा माणूस, काही न बोलता गेला. चाळीस वर्षं फुकट.

आणि माझ्या डोक्यात माझा रोग उठला. म्हटलं, आपण हे एका मिनिटात सोडवू शकतो.

मी मांडवाच्या मागे गेलो, टेम्पोच्या आडोशाला. दम भरला आणि तीन नंबरची हाक मारली. दोन लांब, एक तुटका, आणि शेवटचा मागे ओढलेला.

पुढचं मी कनातीच्या फटीतून पाहिलं. काकांनी झटकन मान वर केली आणि आवाजाच्या दिशेला बघून, कोणाला उद्देशून नाही, असेच म्हणाले, "तीन नंबर उघडली. भाऊ हाय."

भाऊ समोर भिंतीला टेकून बसलेला. तोंड बंद.

मांडवातल्या जुन्या लोकांनी काकांकडे बघितलं, मग आजोबांकडे, मग परत काकांकडे. नवीन पोरांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, मला आता लिहितानाही कानाला गरम लागतंय, मी कनात बाजूला करून बाहेर आलो आणि गणपतीच्या स्टेजवर करतो तसा वाकून नमस्कार केला.

काकांनी मला पाहिलं. मग आजोबांना पाहिलं, बराच वेळ. चष्मा काढला, पुसला, परत घातला. काहीतरी बोलतील असं वाटलं. ओठ हललेही. पण तोवर त्यांचा मुलगा उठून आला होता. त्याने विचारलं, हा तमाशा कोणी आणला? त्याने बापाला काखेत धरून उठवलं. आरतीला न थांबता ते गाडीत बसले, मागून टेम्पो. प्रसाद वाटायला सून राहिली होती. रडत होती आणि वाटत होती. ताईंच्या हातावर प्रसाद ठेवताना ती म्हणाली, आमच्या बाबांनी सकाळी मला सांगून ती खुर्ची तिथे ठेवायला लावली होती. आरती झाली की भावाच्या बाजूला बसायचंय म्हणून.

ती शेवटच्या रांगेतली रिकामी खुर्ची. बसून काय बोलणार होते, कोणास ठाऊक. बोललेच असते असंही नाही.

मला वाटलं, आजोबा निदान मला काही म्हणणार नाहीत. उलट अख्ख्या गावाला कळलं ना, ती हाक कोणीही मारू शकतं आणि काका फसू शकतात. दोन जुनी माणसं येऊन त्यांच्या खांद्याला हात लावून गेली होती, मी पाहिलं होतं. म्हणून मी त्यांच्या मागोमाग ओटीवर गेलो आणि जरा फुशारकीनेच म्हटलं, आजोबा, झालं ना काम.

त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी उभाच राहिलो. ताई आत निघून गेल्या, आणि भांडी आपटायचा आवाज यायला लागला, तो माझ्यासाठी होता.

"काय काम झाला?" आजोबा म्हणाले. आवाज तोच, पोस्टमनचा. "तो खोटा पडला, यवढाच झाला. मना त्याला खोटा पाडायचा न्हवता."

मी म्हटलं, पण सगळ्यांना समजलं.

"सगळ्यांना आधीच ठाऊक होता. तुला सांगितला न्हाय मी? आळीत सगळ्यांना ठाऊक हाय. त्याच्या तोंडून पायजे होता, त्याच्या मनाने. पोलिसांनी पन त्याला असाच धरला होता. झोपेतून उठवला, विचारला, हाक कुनाची? तो बोलून गेला. एकदा बोलला, मग फिरता येईना. आज तू तसाच धरलास. तेव्हा पन त्याला कुनी इचार करायला दिला न्हाय, आज पन न्हाय."

मी सॉरी म्हटलं. माझ्या स्वतःच्या आवाजात, जो मला फारसा सापडत नाही, त्यामुळे ते पण नकली वाटलं असणार.

"तुला आवाज चांगला हाय," आजोबा म्हणाले. "पन तू आधी मारतोस आनि मग बघतोस कोन कुठे उभा हाय."

मग त्यांनी मला जे सुनावलं त्यात अर्धं मला समजलं नाही, इतक्या भराभर बोलत होते. माझ्या शिक्षणाचा उल्लेख होता, माझ्या आईबापाचा होता, मांडवात वाकून केलेल्या नमस्काराचा तर दोनदा होता. लाज वाटायला पायजे, हे तीनदा. मी मान खाली घालून ओटीच्या फरशा मोजत होतो. समोरची म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि तिनेही मधे मधे हो हो म्हटलं.

शेवटी त्यांना दम लागला. बसले. पाणी पण प्यायले नाहीत.

"आता तो तिकडे बसून काय समजेल?" ते म्हणाले. "की मीच तुला शिकवून पाठवला. हाक मीच शिकवली ना तुला. सुटून आल्यापासून मी त्याच्या दारात पाय ठेवला न्हाय, का तर त्याला वाटू नये मी धरायला आलो. नळावर पन थांबलो न्हाय. आनि तू एका दुपारी सगळा घालवलास. जा विरारला. पत्ता पोरगी देईल. त्याला सांग, भावाने पाठवला न्हवता. यवढाच सांग, आनि बाकी तोंड उघडू नको."